जिफ झिप केल्याने लहान होत नाही

‘जिफ झिप करून पाठवा, आकार निम्मा होतो आणि दर्जाही टिकतो,’ असा मेसेज फिरतो आहे. दर्जा टिकतो हे खरं, आकाराचं मात्र चूक. 1987 साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणलेल्या जिफमध्ये, म्हणजे हलत्या चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या या फाइल-प्रकारात, चित्र मुळातच एलझेडडब्ल्यू पद्धतीने दाबून साठवलेलं असतं. दाबलेलं पुन्हा दाबून सहसा फारसं हाती लागत नाही.

दर्जाला धक्का न लावता बचत होते ती दोन फ्रेममधल्या, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या चित्रांमधल्या, सारखेपणातून. हात हलतोय आणि मागची भिंत स्थिर आहे, तर ती भिंत दर फ्रेमला पुन्हा साठवायची कशाला? बदललेला तुकडा तेवढा पुरतो. जिफसिकल हे मोफत साधन नेमकं हेच करतं. त्यातला ‘लॉसी’ पर्याय मात्र चित्र बिघडवतो, तो वेगळा.

रंग 256 वरून 64 वर आणले तर फाइल उतरते, पण आकाशात पट्टे दिसू लागतात. ते लपवायला डिदरिंग, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांची मिसळण, लावलं की त्या ठिपक्यांमुळे फाइल पुन्हा फुगते. हे फार जणांच्या लक्षातच येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

कॅमेऱ्याचं चित्रण असेल तर जिफ करूच नका, एमपी4 पाठवा.