‘एक वाईट दिवस’ : हे म्हणणे जोकरचे आहे, पुस्तकाचे नव्हे

‘द किलिंग जोक’ या बॅटमनच्या ग्राफिक नॉव्हेलविषयी एक मत वर्षानुवर्षे फिरते आहे. शहाण्या माणसाला वेडा व्हायला एक वाईट दिवस पुरतो हे या पुस्तकाने सिद्ध केले, बॅटमनचा शत्रू असलेल्या जोकरची खरी पूर्वकथा याच पुस्तकाने सांगितली आणि त्यातल्या काळोखामुळे सुपरहिरोंच्या कथा प्रौढ झाल्या, असे ते मत. अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेले आणि ब्रायन बोलंड यांनी चितारलेले हे पन्नासेक पानांचे पुस्तक १९८८ साली आले. ते शेवटपर्यंत वाचले, तर यातला पहिला मुद्दा तरी टिकत नाही.

एका वाईट दिवसाचा सिद्धान्त जोकर मांडतो आणि तो खरा ठरवण्यासाठी पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्यावर प्रयोग करतो. त्यांच्या मुलीला, बार्बराला, त्यांच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो. मग त्यांना विवस्त्र करून, एका मोडकळीला आलेल्या जत्रेतल्या भुताच्या गाडीत बसवून, जखमी मुलीची छायाचित्रे दाखवतो. इतके सोसूनही सुटका झाल्यावर गॉर्डन बॅटमनला बजावतात ते एवढेच, की जोकरला कायद्याने पकडायचे, आपला मार्ग चालतो हे त्याला दाखवून द्यायचे. म्हणजे प्रयोग फसला आहे. बॅटमन ते जोकरला तोंडावर ऐकवतोही : सामान्य माणसे कदाचित अशी मोडत नसतील, कदाचित मोडलेला तू एकटाच असशील. फिरणाऱ्या अवतरणात खलनायकाचे वाक्य तेवढे उरते आणि त्याला मिळालेले उत्तर गळते. वकिलाचा युक्तिवाद निकाल म्हणून छापावा, तसा हा प्रकार आहे.

पूर्वकथेचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. रासायनिक कारखान्यातली नोकरी सोडून विनोदवीर व्हायला निघालेला, त्यातही अपयशी ठरलेला तरुण, अपघातात गेलेली गरोदर पत्नी, लाल टोप घालून केलेली चोरी आणि रसायनांत पडणे, हे सारे पुस्तकात आहे; लाल टोपाचा धागा तर १९५१च्या एका जुन्या कथेतून घेतलेला आहे. पण हे सारे जोकरला आठवते तसे आपण पाहतो, आणि आपल्याला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा, तो असायचाच तर बहुपर्यायी असावा, अशी कबुली तो स्वतःच देतो. बोलंड यांनी २००८च्या आवृत्तीसाठी स्वतः नव्याने रंग भरले, तेव्हा या आठवणींतली जवळजवळ सगळी चित्रे राखाडी केली आणि मोजक्या वस्तू लाल ठेवल्या. मला ते रंग जॉन हिगिन्स यांच्या मूळ भडक रंगांपेक्षा नेमके वाटतात, कारण आठवण अशीच निवडक असते. त्याच वर्षी पडद्यावर आलेला हीथ लेजर यांचा जोकर आपल्या चेहऱ्यावरच्या व्रणांची कहाणी दर वेळी वेगळी सांगतो, तेव्हा या पुस्तकातली अनिश्चितताच पुढे चाललेली दिसते.

राहिला प्रौढपणा. प्रभाव मोठा होता हे मान्यच आहे. पण या पुस्तकात बार्बरा दार उघडते, गोळी खाते आणि बापाला छळण्याचे साधन होऊन बाजूला पडते. पुढे खुद्द मूर यांनीही तिच्या या वाट्याविषयी नापसंती व्यक्त केली. तिला पुन्हा माणूस म्हणून उभे केले ते जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दाम्पत्याने. १९८९मध्ये ‘सुसाइड स्क्वॉड’ या कॉमिक मालिकेत ‘ओरॅकल’ या नावाने एक अज्ञात व्यक्ती संगणकावरून माहिती पुरवू लागली. ती बार्बरा होती. चाकाच्या खुर्चीत बसून, केवळ स्मरणशक्ती आणि संगणक यांच्या बळावर, पुढे तिने बॅटमनलाही आपल्यावर विसंबायला लावले.