पन्हं तांब्याच्या कळशीत ठेवू नका

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या तोंडावर आपल्या इंदुरातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: पन्हं रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवा, म्हणजे जास्त गुणकारी होतं. कृपया असं करू नका.

तांब्यात पाणी ठेवणं वेगळं. कैरी आंबट, आणि तिच्यातलं आम्ल तांबं-पितळ दोन्ही विरघळवतं. काळपटलेली कळशी चिंचेने घासली की लख्ख होते, ती याचमुळे. रात्रभरात हेच विरघळलेलं तांबं पन्ह्यात उतरतं. पन्हं कळकतं, धातूची चव येते. असं पन्हं प्यायलं तर मळमळ, उलट्या, पोटात मुरडा होऊ शकतो. हळदीकुंकवाला लहान मुलीही येतात, म्हणून जास्तच काळजी वाटते.

आतून कल्हई शाबूत असेल तर गोष्ट वेगळी. पण तळाशी लालसर तांबं दिसू लागलं असेल, तर ते भांडं पन्ह्याला नकोच. स्टीलचं पातेलं किंवा चिनी मातीची बरणी उत्तम. मी तर उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ एकत्र करून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवते. बायका आल्या की माठातलं पाणी घालून ढवळायचं, वर केशराच्या दोन काड्या.

आधीचा निरोप ज्यांना पाठवला असेल, त्यांना हाही जरूर पाठवा.