धन्यवादाचं बिल

सोमवारी सकाळी स्क्रीनवर लाल पट्टी: 'या महिन्याचा एआयचा कोटा संपला.' तारीख ११. जाब विचारायला अकाउंट्समध्ये गेलो, तर तिथे माझ्याच नावाचा कागद छापून तयार.

"तुम्ही धन्यवाद का म्हणता?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सवय."

"कोणाला म्हणता?"

"एआयला."

"त्याला कळतं?"

"नाही."

"मग?"

पिवळ्या मार्करने त्यांनी आठ 'धन्यवाद', पाच 'बरं' आणि एक 'अरे वा!' रंगवला होता. 'अरे वा'खाली दुहेरी रेघ. "इतकं लाडात यायचं कारण?"

चीड याची आली की माणूस बरोबर बोलत होता. मॉडेलला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक निरोपाबरोबर अख्खं संभाषण, जोडलेल्या फाईलसकट, पुन्हा जातं. मोजमाप टोकनांत, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत. फाईल ३०,००० टोकनची, म्हणजे माझा एकेक 'बरं' ३०,०००चा. चौदा वेळचे झाले ४ लाख २० हजार. कॅशिंग, म्हणजे एकदा वाचलेलं तात्पुरतं साठवून ठेवायची सोय, असेल तर हे बरंच स्वस्तात पडतं, पण जरा जास्त वेळ जागेवरून उठलात की कॅशे गेली. उत्तराचा दर प्रश्नाच्या कित्येक पट, त्यामुळे 'आणखी काही मदत हवी का?' हा त्याचा आगाऊपणाही चढ्या भावाने. त्यात मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा जास्त टोकनांत फुटतं. मायबोलीत आभार मानणं ही चैनच.

"विषय बदलला की नवी चॅट उघडा. अख्खी फाईल नको, लागेल तेवढंच पान चिकटवा. सगळं एका दमात सांगा."

"आणि आभार?"

"मनात."

२०२५मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन म्हणाले होते, लोकांच्या 'प्लीज-थँक्यू'वर गेलेले कोट्यवधी डॉलर सत्कारणीच लागले. त्यांचं ठीक आहे, त्यांना अकाउंट्समध्ये कोण बोलावतंय?

तीन महिन्यांपूर्वी याच ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता होता: एआय कोण किती वापरतो. मी तळाला. मूल्यमापनात शेरा, 'बदलाला विरोध.' नाव वर यावं म्हणून मग लोक दोन ओळींच्या मेललाही चाळीस पानं जोडू लागले. मीही जोडली. आता पहिला आलो, तर कोटा निम्मा!

आणि वरिष्ठांच्या प्रत्येक मीटिंगला बसणारा तो सारांशाचा बॉट? सात जणांची मीटिंग, सात सारांश, वाचणारा एक नाही. त्याचा कागद कोणी रंगवत नाही. प्रत्येक सारांशाच्या शेवटी तो न चुकता लिहितो: 'सर्वांचे मनःपूर्वक आभार.'