बेरी गेल्यानंतरचा आर.ई.एम. : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ड्रमर बिल बेरी बँड सोडून गेले तेव्हाच आर.ई.एम. हा अमेरिकन रॉक बँड संपला, उरलेल्या तिघांनी पुढची चौदा वर्षं नावावर पैसा केला, आणि ‘अप’सारख्या ड्रम मशीनच्या निर्जीव अल्बमचं मी उगाच कौतुक केलं, असं तुमचं म्हणणं. शिवाय बेरी १९९५ मध्येच गेले असं मी लिहिलं होतं, ती चूक तुम्ही दाखवलीत. चूक माझीच. लेखात दुरुस्ती केली आहे. मार्च १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, पण ते बरे होऊन त्याच दौऱ्यात परतले, पुढच्या अल्बमवरही वाजवलं, आणि बाहेर पडले ते ऑक्टोबर १९९७ मध्ये.

आता पैशाचं. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी झालेला तो गाजलेला ८ कोटी डॉलरचा करार १९९६ चा, म्हणजे बेरी असतानाचा. आणि जाताना त्यांनी बाकीच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही. आता तुम्हीच सांगा, तिघांनी काय करायचं होतं? दुकान बंद केलं असतं तर दमलेल्या मित्राला अडकवून ठेवल्यासारखं झालं असतं. बेरी जॉर्जियात शेती करायला गेले, गवत पिकवू लागले. तिघांनी काम चालू ठेवलं म्हणून तर ते मोकळ्या मनाने जाऊ शकले.

तुमच्या एका वाक्याने मात्र मी खरंच अस्वस्थ झालो : ‘ड्रम मशीन आलं आणि जीव गेला.’ १९९२ च्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’मधलं ‘एव्हरीबडी हर्ट्स’ पुन्हा लावा, हेडफोन घालून. गिटारच्या सुट्या सुट्या सुरांखाली सुरुवातीपासून एक बारीक, एकसारखी टकटक ऐकू येईल. ते ड्रम मशीन आहे. आणि या गाण्याचा मूळ सांगाडा कुणाचा? बेरींचा! ज्या गाण्याने इतक्या लोकांना रडवलं, त्यात ठेका धरायला ड्रमरने स्वतःच्या जागी यंत्र चालवून घेतलं. ‘मर्मर’ या अल्बममधलं ‘परफेक्ट सर्कल’, ते पियानोवरचं, तेही मुख्यतः त्यांचंच. म्हणून त्यांना ‘ठोकणारा माणूस’ म्हणू नका. चौघांची नावं प्रत्येक गाण्याखाली बरोबरीने छापायची हा या बँडचा नियम होता, आणि तो उगाच नव्हता.

हेही मान्य करतो की बेरी गेल्याचं ‘अप’मध्ये जाणवतं. जाणवायलाच हवं. पहिलंच ‘एअरपोर्टमॅन’ लावलं की ड्रम्स येतील म्हणून आपण वाट बघतो आणि ते येतच नाहीत. नुसती घरघर आणि गायक मायकेल स्टाइप यांचा जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज. तिघांनी ती रिकामी जागा झाकली नाही, आपल्याला दाखवली. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. पण अख्खा अल्बम यंत्रावर आहे हे खरं नाही. जोई वॉरोंकर आणि बॅरेट मार्टिन हे ड्रमर त्यात वाजवतात. ‘अ‍ॅट माय मोस्ट ब्यूटिफुल’मधला पियानो आणि त्यावर चढत जाणारे एकत्र आवाज ऐकून कुणी निर्जीव म्हणेल असं मला वाटत नाही. आणि जे स्टाइप सुरुवातीच्या वर्षांत शब्द कळूच देत नसत, त्यांच्या गाण्यांचे सगळे शब्द वेष्टनावर पहिल्यांदा छापले गेले ते याच अल्बमबरोबर.

२००४ च्या ‘अराउंड द सन’बद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. त्यात दम नाही, मी तो वर्षानुवर्षं लावलेला नाही.

जून २०२४ मध्ये चौघे न्यूयॉर्कला एकत्र आले आणि ‘लूजिंग माय रिलिजन’ वाजवलं. बँड २०११ मध्येच थांबला होता. निमित्त होतं गीतकारांच्या सन्मानाचं, आणि सन्मान चौघांचा होता. तुम्ही ते पाहिलं नसेल तर आधी ते पाहा, मग ‘अप’ एकदा सुरुवातीपासून लावा. त्यानंतरही मत तेच राहिलं तर जरूर लिहा, मी वाट बघतो.