मोझेसचे पाय लांब होते, एवढंच?

सध्या एक पोस्ट फिरतेय की अमेरिकेचा ४०० मीटर हर्डल्सचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) धावपटू एडविन मोझेस याच्या १९७७ ते १९८७ मधल्या सलग १२२ विजयांचं उगाच कौतुक चाललंय. पाय लांब होते, समोर कोणी तगडं नव्हतं, एवढं करून ऑलिम्पिक गोल्ड फक्त दोन, आणि आजच्या पोरांपुढे तर फायनललाही पोचला नसता. बघू एकेक.

पाय. ४०० मीटर हर्डल्समध्ये दहा अडथळे, दोन अडथळ्यांत ३५ मीटर. बाकीचे सुरुवातीला १३ पावलं टाकायचे, दम लागला की १४, मग १५, आणि १४ झाली की पुढचा अडथळा दुसऱ्या पायाने घ्यावा लागतो, तिथेच लय जाते. मोझेस पहिल्यापासून दहाव्यापर्यंत १३च टाकायचा. आता लांब पायांनी पहिले चार-पाच निघतील हो, पण नवव्याला मांड्या दगड झालेल्या असतात तेव्हा उंची काय कामाची? जर्मनीचा हाराल्ड श्मिडपण काही बुटका नव्हता. आणि मोझेस मोअरहाऊस कॉलेजात अभ्यासाच्या स्कॉलरशिपवर फिजिक्स शिकत होता, कॉलेजला स्वतःचा ट्रॅकसुद्धा नव्हता, १९७६ च्या मार्चपर्यंत ही रेस तो जेमतेम एकदा धावलेला आणि जुलैत मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला वर्ल्ड रेकॉर्डसह गोल्ड! देणगी होतीच, नाही कोण म्हणतंय, पण १३ पावलं दहाव्या अडथळ्यापर्यंत टिकवणं हे घाम गाळूनच येतं.

समोर कोणी नव्हतं? याच श्मिडने ऑगस्ट १९७७ मध्ये बर्लिनला त्याला हरवलं, त्यानंतर ती मालिका सुरू झाली. श्मिडचा १९८२ चा ४७.४८ सेकंदांचा युरोपियन रेकॉर्ड १९९५ पर्यंत टिकला, म्हणजे ऐरागैरा नव्हे. जून १९८७ मध्ये माद्रिदला अमेरिकेच्याच डॅनी हॅरिसने मालिका तोडली, आणि त्याच वर्षी रोमला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये मोझेस ४७.४६, हॅरिस आणि श्मिड दोघेही ४७.४८. पी. टी. उषाचं १९८४ चं ब्राँझ एक शतांश सेकंदाने गेलं ते आपण अजून विसरलो नाही, मग इथले दोन शतांश 'सोपे' कसे?

दोन गोल्डचं तर सरळ आहे. १९८० ला अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला, हा काय करणार? त्याच जुलैत मिलानला त्याने ४७.१३ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला, मॉस्कोचं गोल्ड गेलं ४८.७० ला. दीड सेकंदाहून जास्त फरक! आणि १९८८ ला सोलमध्ये तेहतिसाव्या वर्षी ब्राँझ मिळालं तेव्हाचा टाइम ४७.५६, त्याच्या दोन्ही गोल्डपेक्षा फास्ट.

राहिली आजची पोरं. नॉर्वेच्या वॉरहोमचं टोकियो ऑलिम्पिकमधलं ४५.९४ वेगळ्याच लेव्हलचं आहे, ते मान्यच. बुटं बदललीत, ट्रॅक बदललेत. पण मोझेसचा बेस्ट ४७.०२, तोही १९८३ चा, आणि १९९६ पासून २०१६ पर्यंतच्या सहाच्या सहा ऑलिम्पिकमध्ये गोल्डवाला त्याहून स्लोच होता, रिओला तर ४७.७३, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या मॉन्ट्रियलच्या मोझेसपेक्षाही मागे. आणि टोकियोच्या ज्या फायनलचा व्हिडिओ त्या पोस्टला जोडलाय ना, त्यात चौथा आलेल्याचा टाइम ४७.०८ आहे.