काउंट वाढला म्हणजे पॉवर वाढली?

सांगलीच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज मला आतापर्यंत चौघांनी पाठवलाय. त्यात लिहिलंय: हळद-मिरीचा काढा रोज घ्या, पांढऱ्या पेशी वाढतात, इम्युनिटी दुप्पट होते, कॅन्सर हा बाहेरचा शत्रू, इम्युनिटी पक्की असलेल्याला तो शिवत नाही, किमोच्या नादी लागू नका. मी मिरजेत लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघतो, म्हणून हे उत्तर.

आधी पांढऱ्या पेशी. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण ४ ते ११ हजार असतात. मागे एक पोरगा वडिलांचा रिपोर्ट न्यायला आला. आकडा लाखाच्या वर. “सर, पेशी वाढल्यात म्हणजे पॉवर वाढली ना?” मी एवढंच म्हणालो, आजच डॉक्टरांना दाखव. स्लाइडवर जांभळ्या, मोठ्या, गोल पेशींची दाटी होती. केंद्रकानं जवळजवळ सगळी जागा खाल्लेली, सगळ्या एका साच्यातल्या. अस्थिमज्जेत पिकायच्या आधीच वाढत सुटलेल्या या कच्च्या पेशी. जंतूशी लढणं त्यांना जमत नाही. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, तो हाच.

म्हणजे ‘बाहेरचा शत्रू’ तिथंच निकालात निघाला. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे प्रतिकारयंत्रणेच्याच पेशींचे कॅन्सर आहेत. का होतात, ते बघण्यासारखं आहे. लाखो प्रकारचे जंतू ओळखायला लाखो जनुकं शरीराकडे नाहीत. म्हणून बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशी कोवळ्या असताना जनुकांचे मोजके तुकडे कापून नव्यानं जोडतात. ‘रॅग’ नावाची प्रथिनं ही कात्री चालवतात. ही जुळवाजुळव उलगडणाऱ्या सुसुमु तोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं. पण कात्री म्हटली की चूक आलीच. पेशीला ‘मरू नको’ सांगणारं १८व्या गुणसूत्रावरचं ‘बीसीएल-२’ जनुक कधी १४व्यावर, अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन चिकटतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीत ती जागा कायम चालू असते. ‘मरू नको’ हा निरोप मग अखंड जात राहतो, आणि त्यातून पुढं फॉलिक्युलर लिम्फोमा होऊ शकतो.

‘दुप्पट इम्युनिटी’ तर शरीरालाच नको असते. छातीच्या हाडामागं थायमस ग्रंथी आहे. तिथं तयार होणाऱ्या टी पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त तिथंच मरतात: काही निकामी म्हणून, काही आपल्याच अंगावर उठणाऱ्या म्हणून. बाहेर पडलेल्यांनाही ब्रेक असतात. कॅन्सरच्या कित्येक गाठी नेमका तोच ब्रेक दाबून बसतात. तो सोडवायची वाट दाखवणाऱ्या ॲलिसन आणि होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी काही पेशंटना फार फायदा होतो, पण मोकाट सुटलेल्या टी पेशी थायरॉइड किंवा आतड्यावरही चालून जातात.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे. किडनी बदलल्यावर प्रतिकार दाबणारी औषधं घेणाऱ्यांत काही कॅन्सर जास्त आढळतात; म्हणजे कॅन्सरवर इम्युनिटीचा पहारा आहेच. पण पहारा असणं वेगळं आणि काढ्यानं तो दुप्पट होणं वेगळं.

आता हळद. हळद साठवायच्या पेवांसाठी, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांसाठी, ओळखल्या जाणाऱ्या हरिपूरजवळ राहून हळदीला नावं ठेवायची माझी छाती नाही. आमटीत घाला, दुधात घाला. पण तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं जातं. मिरीनं ते वाढतं, हे खरं. आणि अशाच जोडीच्या गोळ्या घेऊन यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

राहिला किमो. लहान मुलांतला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया नीट उपचारांनी बहुतेकदा बरा होतो, आणि त्या उपचारांचा कणा किमोच आहे. तीव्र ल्युकेमियात काढ्यावर घालवायला महिनाही हातात नसतो.