फॅटी लिव्हर, एमआरआय आणि ‘बायोप्सीची गरजच नाही’

आतेभावाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला: ग्रेड टू फॅटी लिव्हर. त्याच रात्री त्याने मला एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, एमआरआयचा नंबर लावतोस का?’ मी रेडिओलॉजिस्ट, त्यामुळे घरातले असले मेसेज शेवटी माझ्याकडेच येतात. मजकूर थोडक्यात असा: फॅटी लिव्हरवाल्याने दरवर्षी एमआरआय करावाच, त्यात लिव्हरचा कॅन्सर शंभर टक्के कळतो, बायोप्सीची (सुईने तुकडा काढून तपासण्याची) गरजच नाही, उलट सुई टोचली की कॅन्सर पसरतो, आणि एएफपी ही रक्ततपासणी नॉर्मल आली की काळजी मिटली.

‘शंभर टक्के कळतो, बायोप्सी नको.’ हे सगळ्यात फसवं, कारण अर्धं खरं आहे. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा हा लिव्हरचा मुख्य कॅन्सर नुसत्या स्कॅनवर पक्का ठरवता येतो. असे कॅन्सर मोजकेच. हा स्कॅनवर ओळखू येण्याचं कारण रक्तपुरवठ्यात आहे. लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, बाकीचं धमनीतून. ही गाठ मात्र बहुतेक रक्त धमनीतूनच ओढते. म्हणून कॉन्ट्रास्टचं (रक्तातून जाताना स्कॅनमध्ये उजळ दिसणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिल्यावर ३०-३५ सेकंदांत, म्हणजे धमनीच्या फेजला, लिव्हर अजून करडं असतानाच, ती चमकते. मिनिट-दोन मिनिटांत लिव्हर उजळतं आणि गाठ काळपट पडते. त्याला आम्ही ‘वॉशआउट’ म्हणतो. गाठ किमान एक सेंटीमीटरची आणि दोन्ही लक्षणं ठळक असली, की लाय-रॅड्स या लिव्हरच्या गाठींना नंबर देण्याच्या पद्धतीत तिला पाच नंबर मिळतो, म्हणजे ‘हाच कॅन्सर’. अशा दहा गाठींतल्या नऊहून जास्त खरोखर हाच कॅन्सर निघतात. दहाच्या दहा मात्र नाहीत.

आता मेसेजने गाळलेला भाग. हा नंबर कोणालाही देता येत नाही. सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक, गाठाळ होणं), जुना हिपॅटायटिस बी, किंवा हाच कॅन्सर आत्ता वा पूर्वी झालेला, अशांनाच ती पद्धत लागू आहे. नुसतं फॅटी लिव्हर त्या यादीत नाही. सिरॉसिस नसलेल्या लिव्हरमध्ये धमनीच्या फेजला चमकणाऱ्या गाठी इतरही असतात: अडेनोमा आणि एफएनएच या कॅन्सर नसलेल्या गाठी, दुसऱ्या अवयवातून आलेले काही कॅन्सर. काही अडेनोमा तर नंतर काळपटही पडतात. चित्र तेच, पण ते कोणाच्या लिव्हरमध्ये दिसतंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. आणि फॅटी लिव्हरमधून होणाऱ्या या कॅन्सरपैकी बरेच, ढोबळमानाने पाचातला एक ते तिघांतला एक, सिरॉसिसशिवायच होतात. म्हणजे जिथे सुईची खरी गरज पडते, नेमकं तिथेच हा मेसेज ‘सुई नको’ म्हणतो.

त्यात चरबीचा स्वतःचा गोंधळ असतो. कॉन्ट्रास्टच्या इमेजमध्ये आम्ही चरबीचा सिग्नल दाबतो, त्यामुळे चरबीने भरलेलं लिव्हरच काळं पडतं आणि त्यावर गाठीचा वॉशआउट लपू शकतो. उलट पित्ताशयाशेजारी चरबी न साठलेला एखादा तुकडा गाठीचं सोंग घेतो. आणि श्वासाचं काय सांगू! टेक्निशियन माइकवरून म्हणतो, ‘श्वास घ्या... सोडा... थांबवा.’ पोट सुटलेला, घाबरलेला पेशंट बाराव्या सेकंदाला धाप टाकतो आणि धमनीची फेज पट्ट्यापट्ट्यांची होते. ती लगेच परत काढता येत नाही. कॉन्ट्रास्ट तोवर पुढे गेलेलं असतं.

‘दरवर्षी एमआरआय.’ कशासाठी? सिरॉसिस नसलेल्या फॅटी लिव्हरमध्ये हा कॅन्सर वर्षाला हजारात साधारण एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. आधी लिव्हर किती कडक झालंय ते बघायचं. वय, एएसटी आणि एएलटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट एवढ्यावरून फिब-फोर हा कडकपणाचा अंदाज देणारा आकडा काढता येतो. तो १.३ च्या खाली असला (पासष्टीपुढे २) तर सहसा तिथेच थांबता येतं; वर गेला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी. सिरॉसिस निघाला तर मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, न चुकता.

इथे मेसेजला एक मार्क देतो. जाड चरबीत सोनोग्राफीचा आवाज मुरतो, लिव्हरचा मागचा भाग नीट दिसत नाही. सिरॉसिसच्या पेशंटला वारंवार असं होत असेल, किंवा सोनोग्राफीत गाठ सापडली असेल, तर एमआरआय हवाच.

सुईने पसरण्याची भीती अगदीच खोटी नाही: जुन्या अभ्यासांत शंभरात दोन-तीन जणांत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याचं दिसलं. म्हणून तर बायोप्सी सरसकट करत नाहीत. पण निदानाशिवाय उपचार सुरू करणं त्याहून महागात पडतं. एएफपीबद्दल तर एकच ओळ पुरे: या कॅन्सरच्या साधारण तिघांतल्या एकात ती नॉर्मलच असते.

आतेभावाला आकडे मागितले. वय ४६, एएसटी ३८, एएलटी ६१, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. फिब-फोर ०.९३. एमआरआयचा नंबर लावला नाही. त्याच रिपोर्टच्या मागच्या पानावर तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीएवनसी, ७.९ होती, म्हणजे मधुमेहाच्या पातळीत. त्याबद्दल त्याने काहीच विचारलं नव्हतं.